चमचाभर दालचिनीचा पुरावा

लातूर-नांदेडकडे येसरात दालचिनी पडते ती चवीपुरती. ‘रोज चमचाभर घ्या, मधुमेहाची गोळी सोडा’ या सल्ल्यासाठी मात्र २००३ मधील एका पाकिस्तानी शोधनिबंधाचा दाखला दिला जातो. रुग्ण ६०, मुदत ४० दिवस, दालचिनी रोज १ ते ६ ग्रॅम. उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्के उतरली. पण आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो ते दोन गोष्टींकडे. रुग्णांच्या गोळ्या चालूच होत्या आणि दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी केलेली नव्हती. पुढे २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात १० प्रयोगांतील ५७७ रुग्णांची माहिती एकत्र पाहिली, तेव्हा ठोस फायदा आढळला नाही. शिवाय कॅशिया जातीच्या दालचिनीतील कूमारिन जास्त प्रमाणात यकृताला अपायकारक. तेव्हा येसर आमटीत जरूर घालावा. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये.