चॅम्पियन कोणाला म्हणावे? : श्वानप्रदर्शनातील उपाधीची एक चिकित्सा

प्रास्ताविक

वंशावळ नोंदलेल्या कुत्र्यांची प्रदर्शने हा विषय मराठी वाचकाला धनिकांच्या हौसेपुरता वाटण्याचा संभव आहे. परंतु या हौसेतून गेल्या दीडशे वर्षांत मूल्यनिर्णयाच्या ज्या निरनिराळ्या पद्धती घडत गेल्या, त्या कोणाही परीक्षकाने, म्हणजे पर्यायाने आपण सर्वांनीच, तपासून पाहाव्यात अशा आहेत. 'चॅम्पियन' ही उपाधी कशी द्यावी याविषयी या वर्तुळात जुना वाद आहे. ब्रिटनमध्ये तो विशेष तीव्र आहे, कारण तेथे उपाधी मिळालेला कुत्रा उपाधी न मिळालेल्या कुत्र्यांबरोबर त्याच रिंगणात, त्याच प्रमाणपत्रासाठी पुन्हा पुन्हा उतरू शकतो. त्याला बाजूला काढावे की नाही, असा हा वाद वरवर दिसतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हा प्रश्न दुय्यम आहे. उपाधी म्हणजे जिंकलेल्या सामन्यांची बेरीज की त्या प्राण्याविषयी केलेले विधान, हे आधी ठरले पाहिजे.

आरंभ मोठा बोलका आहे. १८५९ च्या जूनमध्ये न्यूकॅसल येथे भरलेले प्रदर्शन हे आधुनिक अर्थाने पहिले मानले जाते. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर या शिकारी जाती होत्या आणि बक्षीस म्हणून बंदुका ठेवलेल्या होत्या. सेटर तपासणाऱ्या परीक्षकाचा कुत्रा पॉइंटरमध्ये पहिला आला आणि पॉइंटर तपासणाऱ्याचा सेटरमध्ये! यात लबाडी होतीच असे म्हणता येत नाही. त्या काळी जाणकार मोजके होते आणि उत्तम कुत्रीही त्यांच्याकडेच होती. तरीही परीक्षक आणि स्पर्धक एकाच वर्तुळातले असण्याची ही स्थिती पुढे कधी पुरती संपली नाही. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला, पुढच्याच वर्षी वंशावळीची पहिली नोंदवही निघाली आणि निकालांना कायमचे कागदी अस्तित्व मिळाले.

प्रमाणपत्राची भाषा

ब्रिटिश पद्धतीचा कणा म्हणजे चॅलेंज सर्टिफिकेट. प्रत्येक जातीला वर्षभरात असे किती संच द्यायचे हे केनेल क्लब आधी ठरवतो. एका संचात नराला एक आणि मादीला एक अशी दोन प्रमाणपत्रे असतात. परंपरेने तीन भिन्न परीक्षकांकडून अशी तीन प्रमाणपत्रे मिळवणारा कुत्रा चॅम्पियन होतो. त्यांपैकी किमान एक तो वर्षाचा झाल्यानंतर मिळालेले असावे लागते.

या प्रमाणपत्रावरचा मजकूर लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. 'या कुत्र्याने आज इतरांना हरवले', असे परीक्षक तेथे म्हणत नाही. या कुत्र्याची गुणवत्ता इतकी असामान्य आहे की तो चॅम्पियन या उपाधीस पात्र आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, या आशयाच्या विधानाखाली तो सही करतो. तुलनेचा शब्द त्यात नाही. म्हणूनच समोर एकही पात्र कुत्रा नसेल तर प्रमाणपत्र रोखून धरण्याचा अधिकार परीक्षकाला आहे. पहिला आलेला कुत्राही अपात्र असू शकतो, हे नियमाने मान्य केले आहे. आपल्या विद्यापीठांत सुवर्णपदकासाठी पात्र विद्यार्थी न आढळल्यास पदक न देण्याची तरतूद कोठे कोठे असते, तिचा उपयोग किती वेळा होतो हे सर्वांना ठाऊक आहे. श्वानप्रदर्शनातही प्रमाणपत्र रोखणारा परीक्षक लोकप्रिय होत नाही. पुढच्या वर्षी तोच कुत्रे घेऊन दुसऱ्याच्या रिंगणात उभा राहणार असतो.

विधान म्हणून पाहिले की ब्रिटिश व्यवस्थेतील विसंगती लगेच दिसते. जो कुत्रा चॅम्पियन आहेच, तो चॅम्पियन होण्यास पात्र असल्याचे प्रमाणपत्र त्याला चौथ्यांदा, दहाव्यांदा, पन्नासाव्यांदा देण्याचा अर्थ काय? १९७० च्या दशकात एका चाऊ चाऊ कुत्र्याने सत्तरहून अधिक प्रमाणपत्रे मिळवली. त्याला लागत होती तीन. उरलेल्या प्रमाणपत्रांत वीसहून अधिक कुत्र्यांच्या उपाध्या सामावल्या असत्या. अर्थात ते सर्व पात्र ठरलेच असते असे नाही. पण त्यांची पात्रता तपासण्याची वेळच आली नाही, कारण दरवेळी एका आधीच सिद्ध झालेल्या विधानाचा पुनरुच्चार होत राहिला.

या पद्धतीचे समर्थक म्हणतात की, नव्या चॅम्पियनने जुन्याला हरवले तरच उपाधीची किंमत राहते. चॅम्पियनांना वेगळा वर्ग दिला तर उपाध्या स्वस्त होतील. हे म्हणणे मला पूर्णपणे टाकाऊ वाटत नाही. एखाद्या जातीत प्रदर्शनाला पाच-सहाच कुत्री येत असतील तर रिंगणातील जुना चॅम्पियन हाच मापदंडाचा एकमेव जिवंत नमुना असतो. परंतु हे समर्थन परीक्षकावरील अविश्वासातून आलेले आहे. परीक्षकाला निरपेक्ष निर्णय करता येत असेल, तर त्याला मोजपट्टी म्हणून दुसरा कुत्रा लागू नये; येत नसेल, तर त्याच्या सहीला अर्थ नाही.

शिवाय दोन प्रमाणपत्रांचे वजनही सारखे नसते. लॅब्रॅडॉरच्या मादीला क्रफ्ट्ससारख्या प्रदर्शनात शेकडो कुत्र्यांच्या गर्दीतून वर यावे लागते. दुर्मीळ जातीच्या कुत्र्याला चार जणांत पहिले यावे लागते, आणि ज्या जातीच्या वाट्याला प्रमाणपत्रेच दिलेली नाहीत तिच्यातील कुत्र्याला या वाटेने चॅम्पियन होताच येत नाही, तो कितीही उत्तम असो.

मोजणीचा मार्ग

अमेरिकन केनेल क्लबने ही विषमता गणिताने सोडवली. तेथे पंधरा गुण मिळवावे लागतात. एका प्रदर्शनात एक ते पाच गुण मिळतात, ते किती कुत्र्यांना हरवले यावर ठरतात आणि त्यांचे कोष्टक जात, लिंग व प्रदेशानुसार वेगळे असते. तीन वा अधिक गुणांचे किमान दोन विजय दोन भिन्न परीक्षकांकडून हवेत, आणि एकूण परीक्षक किमान तीन हवेत. चॅम्पियन झालेला कुत्रा या गुणांच्या वर्गांतून बाहेर पडतो आणि जातीतील सर्वोत्तमाच्या स्पर्धेत थेट उतरतो. ब्रिटिश वादातील अर्धा भाग येथे निकालात निघतो.

मात्र मोजणी आली की मोजणीसाठीची तजवीजही येते. मोठ्या गुणांचा विजय शक्य व्हावा एवढी संख्या भरावी म्हणून जिंकण्याची आशा नसलेले कुत्रे नोंदवून 'भरती' करण्याचा प्रकार तेथे परिचित आहे. हरण्यासाठीच आणलेला कुत्रा विजेत्याच्या गुणवत्तेविषयी काय सांगणार? २०१० नंतर काही वर्षे एपीआयचे गुण जमवलेल्या प्राध्यापकवर्गाला या प्रश्नाचे उत्तर वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच २०१० मध्ये अमेरिकेत 'ग्रँड चॅम्पियन' ही नवी उपाधी आली आणि पुढे तिलाही कांस्य, रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम अशा पायऱ्या लागल्या. चॅम्पियन हा शब्द पुरेनासा झाला, की त्याच्यावर विशेषणे चढवावी लागतात.

बेल्जियमस्थित आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे एफसीआय, थोडी वेगळी वाट धरतो. आंतरराष्ट्रीय सौंदर्य-चॅम्पियन होण्यासाठी तीन देशांत, तीन परीक्षकांकडून चार प्रमाणपत्रे लागतात आणि पहिल्या व शेवटच्या प्रमाणपत्रात किमान एक वर्ष व एक दिवसाचे अंतर असावे लागते. यातील कालावधीची अट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. तारुण्याच्या ऐन भरातल्या एका हंगामावर उपाधी मिळू नये, एवढे तरी ती साधते.

उपाधी म्हणजे पैदाशीचा आदेश

आतापर्यंत आपण उपाधीकडे बक्षीस म्हणून पाहिले. पण कुत्र्याला बक्षिसाचे काय? उपाधीचा खरा परिणाम पुढच्या पिढीवर होतो, कारण चॅम्पियन नराकडे माद्या येतात. हे सर्वांत स्पष्टपणे ओळखले ते जर्मनांनी. १८९९ मध्ये जर्मन शेफर्डची संघटना स्थापन करणारे माक्स फॉन श्टेफानिट्स यांना १९२० च्या दशकात ही जात उंच व चौकोनी होत चालल्याचे दिसले. १९२५ मध्ये त्यांनी क्लोडो फोम बॉक्सबेर्ग या तुलनेने बुटक्या, लांब बांध्याच्या नराला 'झीगर', म्हणजे विजेता, घोषित केले. त्या निर्णयात पैदासकारांना दिलेला स्पष्ट इशारा होता : यापुढे जात या दिशेने न्या. पुढे १९३८ पासून १९५४ पर्यंत ही एकमेव विजेत्याची उपाधी देण्यातच आली नाही. त्याऐवजी निवडक कुत्र्यांचा एक उत्कृष्ट गट जाहीर होत असे. एकाच नराकडे सारी पैदास वळली की जातीचे रक्त आटते, ही भीती त्यामागे समजून घेता येते.

ब्रिटिश वा अमेरिकन वादात ही बाजू क्वचितच येते. सत्तर प्रमाणपत्रे मिळवणारा कुत्रा इतरांच्या वाटेत उभा राहतो, एवढेच बोलले जाते. त्याची संतती किती घरांत गेली, हे नियमावलीत कोठेच नसते.

जर्मन पद्धतीत आणखी एक अट आहे. प्रौढ वर्गात दाखवल्या जाणाऱ्या आणि पैदाशीसाठी निवडल्या जाणाऱ्या शेफर्डला कामाची परीक्षा द्यावी लागते. सहनशक्तीच्या चाचणीत तो वीस किलोमीटर धावतो. ब्रिटनमध्ये याच तत्त्वाचा अवशेष शिकारी जातींपुरता उरला आहे. तीन प्रमाणपत्रे मिळवलेला सेटर तेथे केवळ 'शो चॅम्पियन' असतो. विशेषण नसलेला 'चॅम्पियन' होण्यासाठी त्याला मैदानातही पात्रता दाखवावी लागते. पूर्वी मैदानी पात्रतेशिवाय शिकारी कुत्र्याला कोणतीच उपाधी नव्हती. 'शो' हे विशेषण ही नंतरची सवलत. मराठीत आपण 'जातिवंत' म्हणतो तेव्हा जन्म आणि काम या दोन्ही गोष्टी त्या एका शब्दात असतात. जातिवंत बैल पाहायचा तो औताला. प्रदर्शनाच्या रिंगणाने हा शब्द मधोमध चिरला आहे.

२०१२ चा प्रसंग

२००८ च्या ऑगस्टमध्ये बीबीसीने वंशावळीच्या कुत्र्यांतील आनुवंशिक व्याधींवर एक माहितीपट दाखवला आणि पुढच्या वर्षापासून क्रफ्ट्सचे प्रक्षेपण थांबवले. २०१० मध्ये पॅट्रिक बेटसन यांचा चौकशी अहवाल आला. केनेल क्लबने पंधरा जाती विशेष चिंतेच्या ठरवल्या आणि २०१२ च्या क्रफ्ट्समध्ये या जातींतील सर्वोत्तम कुत्र्यांची पशुवैद्याकडून तपासणी केली. पंधरापैकी सहा नापास झाले : बुलडॉग, पेकिनीज, क्लंबर स्पॅनियल, मॅस्टिफ, निआपोलिटन मॅस्टिफ आणि बॅसेट हाउंड. ही तपासणी केवळ बाह्य होती. क्ष-किरण नाही, रक्ताचा नमुना नाही. जे पशुवैद्याला नुसत्या पाहण्यातून दिसले, ते जातीचा तज्ज्ञ मानलेल्या परीक्षकाला त्याच दिवशी दिसले नाही, किंवा दिसूनही महत्त्वाचे वाटले नाही.

प्रदर्शक संतापले. पशुवैद्य जातीचा जाणकार नाही, त्याने परीक्षकाचा निर्णय फिरवणे हा अधिक्षेप आहे, असे त्यांचे म्हणणे होते. निकाल जाहीर झाल्यावर सर्वांसमोर तो काढून घेण्यात क्रूरता होती, हे मान्य करावे लागेल. पण दोष क्रमात होता, तपासणीत नव्हता. पात्रता आधी आणि तुलना नंतर, हा कोणत्याही परीक्षेचा साधा क्रम आहे. येथे तो उलटा झाला.

तपासणीनेही सारे भागत नाही. २०१६ च्या क्रफ्ट्समध्ये जर्मन शेफर्ड जातीतील सर्वोत्तम ठरलेली मादी चालताना तिच्या पाठीचा उतार आणि मागील पायांची लडखड पाहून मोठा गदारोळ झाला. ती गटाच्या रिंगणात उतरली होती, म्हणजे पशुवैद्यकीय अट तिने पूर्ण केलेली होती. उभ्या कुत्र्याची तपासणी आणि धावत्या कुत्र्याची कसोटी या निराळ्या गोष्टी आहेत. वीस किलोमीटरची अट घालणाऱ्यांना हे ठाऊक होते, आणि ती अट असलेल्या देशातून आलेल्या जातीच्या बाबतीत ब्रिटनमध्ये हे घडावे, ही विशेष खेदाची गोष्ट.

माझे मत असे की चॅम्पियनांना वेगळ्या वर्गात न्यावे, प्रमाणपत्रे पहिल्या व शेवटच्यात किमान एक वर्षाचे अंतर ठेवून मिळालेली असावीत आणि उपाधी नोंदवण्याआधी आरोग्याची व चालण्या-धावण्याची कसोटी झालेली असावी. उपाध्या कमी होतील. होऊ द्याव्यात.

दख्खनचा कुत्रा

हा वाद आपल्यापासून दूर नाही. चेन्नईस्थित केनेल क्लब ऑफ इंडियाच्या प्रदर्शनांत चॅलेंज सर्टिफिकेट हेच नाव चालते आणि मुधोळ वा कारवानी म्हणून ओळखला जाणारा आपला दख्खनचा कुत्रा आता त्याच रिंगणात उभा राहतो. २००५ मध्ये तो टपाल तिकिटावर आला, २०१६ मध्ये लष्कराने मुधोळची पिल्ले मेरठला प्रशिक्षणासाठी नेली. मुधोळ संस्थानात, तसेच सोलापूर-लातूरच्या माळरानांवर पिढ्यान्‌पिढ्या त्याची पारख झाली ती सशामागे धावण्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती कसोटी राहिली नाही आणि ती परत यावी असे कोणी म्हणणार नाही. मात्र तिच्या जागी काहीच आलेले नाही. परीक्षक त्याला टेबलाजवळ उभा पाहतो, दात पाहतो, रिंगणाची एक-दोन फेरी धावायला लावतो. मोजलेल्या अंतराची, घड्याळ लावून घेतलेली धाव एवढी साधी अट या जातीपुरती घालायला शिकारीची गरज नाही, मोठ्या खर्चाचीही नाही. लागते ती एक उघडी माळजमीन, आणि ती सोलापूर-लातूरकडे अजून आहे.