‘पेव’ म्हणजे तळघर नव्हे

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं : ‘पेव म्हणजे धान्य साठवण्याचे जमिनीखालचे तळघर.’ कोशात बघून लिहिलेलं, त्यामुळे मी निर्धास्त होतो. आज त्याच वाक्याची चिरफाड करूया, कारण असं वाक्य तुमच्याही हातून लिहिलं जाणार आहे.

मी पाटणचा. आमच्या पश्चिमेला कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे जमिनीत खड्डा करून भात ठेवायचं कुणाच्या डोक्यातही येणार नाही. आमच्याकडे कणगी, बांबूची आणि शेणानं सारवलेली. पेव मला फक्त ‘क्लासेसचं पेव फुटलंय’ एवढ्यापुरतं माहीत. म्हणजे वस्तू न बघता मी तिची व्याख्या केली होती. आमची कोयना कराडला कृष्णेला मिळते, आणि तीच कृष्णा पुढे सांगलीजवळ हरिपूरला जाते. पेवं तिथे आहेत, हळदीची.

हरिपूरचं पेव आतून मडक्यासारखं असतं. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मोठं, खोली वीसेक फूट. तळाला आणि कडेनं पालापाचोळा घालायचा, हळद भरायची, वर फरशी ठेवून माती लिंपायची. आत उरलेली हवा माल आणि त्यातले किडे वापरून संपवतात. प्राणवायू घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, कीड मरते. औषध न मारता हळद वर्षानुवर्षं टिकते ती यामुळे.

आता सांगा, याला तळघर म्हणायचं? तळघरात जिना असतो, माणसं ये-जा करतात. पेवात माणूस गेला तर मरतो. म्हणून फरशी काढल्यावर काही तास थांबतात, कंदील सोडून बघतात, तो विझला नाही तरच उतरतात. ‘घर’ हा शब्द वापरला की नेमकं हेच पुसलं जातं. बळदाचंही तसंच. वाड्याच्या भिंतीत वरून धान्य ओतायची ती जागा, तिलाही सरसकट ‘खोली’ म्हणून मोकळे होतात. कोशकाराला एका ओळीत भागवायचं असतं, तुम्हाला नाही.

वाक्प्रचारही इथेच उलगडतो. तळघर ‘फुटत’ नाही. लिंपून बंद केलेलं तोंड फोडलं की दडलेला साठा एकदम बाहेर येतो, ते पेव फुटणं. आज आपण तो कुत्सितपणेच वापरतो, ही नंतरची चाल.

आता व्युत्पत्ती. इथे घाई फार होते. कुणीतरी संस्कृत धातू शोधतं, दोन अक्षरं जुळली की काम झालं! माझं लक्ष गेलं शेजारच्या कन्नडकडे. धान्याच्या अशाच खड्ड्याला तिथे ‘हगेवु’ म्हणतात. आवाज ऐकून ‘पेव’शी नातं वाटणार नाही. पण जुन्या कन्नडमधला शब्दारंभीचा ‘प’ पुढे ‘ह’ झाला. पाल् (दूध) चं हालु, पेसर् (नाव) चं हेसरु. त्या हिशेबानं हगेवुचं आधीचं रूप ‘पगेवु’ धरता येतं. मधला ‘ग’ गळाला की पेव फार दूर राहत नाही. उलट दिशेनं, म्हणजे मराठीतून कन्नडमध्ये, गेला म्हणावं तर हा ‘ग’ आला कुठून? शिवाय ‘प’ टिकलाय, म्हणजे हा बदल होण्याआधी शब्द इकडे आलेला असावा. हा माझा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. तो पाडायचा असेल तर जुने कन्नड लेख उघडा आणि ‘प’चं रूप शोधा.

शोधताना दोन खाचखळगे आहेत. जुन्या छपाईत ‘पेंव’ असा अनुस्वारही असतो, दोन्ही रूपं शोधा. आणि पेव किंवा पेवा नावाची एक वनस्पतीही आहे, पावसाळ्यात पांढरी फुलं येणारी. शोधात ती मध्ये आली की गोंधळ ठरलेला.

आणखी एक गल्लत मी केली होती. शब्द कन्नडकडून आला असेल तर वस्तूही तिकडूनच आली, असं धरून चाललो होतो. पुणे जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत चुन्यानं लिंपलेले धान्याचे खड्डे सापडले, साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचे. त्यांना ती माणसं काय म्हणत, हे खड्डा सांगत नाही. शब्दाचा उगम आणि वस्तूचा उगम, दोन वेगळी प्रकरणं लिहावी लागतात.

2005 च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं, बरीच निकामी झाली. माल गोदामांत आणि शीतगृहांत जाऊ लागला. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेव भरणारे हात कमी झालेत. तेव्हा कोश नंतर उघडा, आधी तिकडे जाऊन या. ‘पेव म्हणजे काय?’ असं विचारू नका, कुणीही ‘खड्डा’ म्हणेल. फरशी काढल्यावर पहिल्यांदा काय करता, ते विचारा.