स्रोत : गूगल मॅप

मराठी शोधनिबंधांत मला सर्वांत खटकणारी ओळ तीन शब्दांची आहे : ‘स्रोत : गूगल मॅप’. पुस्तकाचा संदर्भ देताना आपण आवृत्ती, साल, पान सगळं लिहितो. नकाशा आला की हात आखडतो, जणू तो कुणी काढलेलाच नाही.

हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही. माझ्या मामेबहिणीने देवळी तालुक्यातल्या एका गावाच्या विहिरींवर प्रबंध लिहिला. फोनच्या जीपीएसने टिपलेले बिंदू तिने सर्व्हे ऑफ इंडियाच्या स्कॅन केलेल्या जुन्या शीटवर टाकले, तर चार विहिरी नाल्याच्या पलीकडे गेल्या. मार्गदर्शक म्हणाले, ‘तुझं फील्डवर्कच चुकलंय.’ ती तर मे महिन्याच्या उन्हात त्या विहिरींच्या काठावर उभी राहून आली होती. रात्री फोन आला, ‘दादा, आता काय करू?’

चूक तिची नव्हती. जुन्या शीट एव्हरेस्ट डेटमवर, फोन डब्ल्यूजीएस ८४ वर. आपल्या भागात या दोहोंत शंभराहून जास्त मीटरचा फरक पडतो. पण स्कॅन करणाऱ्याने समास कापून टाकला होता, आणि शीट क्रमांक, सर्वेक्षणाचं साल नेमकं तिथेच असतं. ती शीट कोणती, हेच तिला सिद्ध करता येईना.

सालाचं महत्त्व वर्धेकरांना तरी सांगायला नको. १९३६ मध्ये गांधीजी राहायला आले ते गाव सेगाव. टपाल बुलढाण्याच्या शेगावला जायचं, म्हणून १९४० मध्ये त्याचं सेवाग्राम झालं. आता १९३६ वरच्या लेखात ‘सेवाग्राम’ लिहिलेला, बिनसालाचा नकाशा छापला तर वाचकाने काय समजायचं?

सर्व्हेची शीट असेल तर क्रमांक (सेवाग्रामसाठी ५५ एल/१०), प्रमाण, सर्वेक्षणाचं आणि छपाईचं साल द्या. ओपनस्ट्रीटमॅप वापरला तर योगदानकर्त्यांचा उल्लेख ही परवान्याचीच अट आहे. सोबत डाउनलोडची तारीख हवी, कारण तो नकाशा रोज बदलतो. (आम्ही लायब्ररीचं व्हर्जन न लिहिता कोड पाठवला तर रिव्ह्यूत शिव्या खातो.) आणि ‘नकाशा : स्वतः’ हे अर्धंच खरं. क्यूजीआयएसमध्ये रंग तुम्ही भरलेत, जिल्ह्याची सीमा चालत जाऊन मोजली नाहीत ना?

बहिणीला शेवटी एका ग्रंथालयात समासासकट शीट मिळाली. डेटम बदलल्यावर चारही विहिरी अलीकडे आल्या. नकाशाखाली तिने पाच ओळी लिहिल्या. मार्गदर्शकांना त्या फार वाटल्या, पण तिने एकही काढली नाही.