बिचारी म्हणून सोडायचं का?

परवा फोनवर आईने विचारलं, "तुझं ते संशोधन म्हणजे चोरी करणाऱ्या बायकांना तुरुंगात टाकू नका, असंच ना गं? मग शिक्षा काहीच नाही?" प्रश्न रास्त आहे. तो मनात ठेवूनच मी कॉर्स्टन अहवाल पुन्हा वाचला. इंग्लंडमध्ये या विषयावर बोलताना त्याचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही.

२००२-०३ मध्ये चेशायरमधल्या स्टायल तुरुंगात वर्षभरात सहा स्त्रियांचा मृत्यू झाला. पुढे सरकारने बॅरोनेस जीन कॉर्स्टन यांच्याकडे हे काम सोपवलं. मार्च २००७ मध्ये ४३ शिफारशींसह त्यांचा अहवाल आला. म्हणणं असं, की ज्या स्त्रियांचा गुन्हा गंभीर, हिंसक आहे आणि ज्यांच्यापासून लोकांना धोका आहे, त्यांनाच तुरुंग. बाकीच्यांनी आपल्या गावात राहून शिक्षा भोगावी. त्यासाठी हॅलिफॅक्स आणि वूस्टर इथल्या केंद्रांसारखी स्त्री-केंद्रं देशभर हवीत. कर्जाचा सल्ला, व्यसनावर उपचार, मारहाणीच्या घरातून बाहेर पडायला मदत, हे सगळं एका छपराखाली मिळावं.

अहवालाचं मोठं बळ म्हणजे तो छोट्या शिक्षेचा हिशेब मांडतो. तुरुंगात जाणाऱ्या बहुतेक स्त्रियांची शिक्षा वर्षाच्या आतली असते. पण भाड्याचं घर जायला काही आठवडे पुरतात. बाहेर आल्यावर मुलं परत मागावीत, तर घर नाही. कौन्सिलकडे मोठं घर मागावं, तर मुलं सोबत नाहीत. दुकानातून उचललेल्या वस्तूंची ही किंमत होते, आणि त्यातली निम्मी मुलं चुकवतात. आईच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे, असं मला वाटतं.

पण अहवालाचा भर या उत्तरावर राहत नाही. त्याच्या उपशीर्षकातच 'विशेष दुर्बलता' असलेल्या स्त्रिया आहेत. पानापानांवर अत्याचार, व्यसन, स्वतःला इजा करून घेणं. यातलं काहीच खोटं नाही. पण वाचता वाचता आपण म्हणू लागतो, बिचारी! आणि बिचारीला जे मिळतं ते हक्क म्हणून नव्हे, दया म्हणून. शिवाय जी बिचारी दिसत नाही, उलट बोलते, दुसऱ्यांदा पकडली जाते, तिचं काय? अहवालात प्रमाणशीर शिक्षेचा मुद्दा आहे, पण करुणेच्या गर्दीत तो मागे पडतो.

पुढे जे झालं, त्यात मला याचाच परिणाम दिसतो. सरकारने बहुतेक शिफारशी मान्य केल्या. अहवालाचं कौतुक सगळ्या पक्षांनी केलं. पण मोठे तुरुंग बंद करून छोटी स्थानिक केंद्रं उभारावीत, ही सगळ्यात अवघड शिफारस बाजूला पडली. स्त्री-केंद्रांना पैसा मिळाला तो मुदतीच्या अनुदानातून. तुरुंगाला असा अर्ज करावा लागत नाही. २०१६ मध्ये लंडनचा हॉलोवे तुरुंग बंद झाला, पण तिथल्या अनेक स्त्रिया घरी गेल्या नाहीत. त्यांना सरेमधल्या तुरुंगांत हलवलं. मुलांना भेटीचा प्रवास वाढला. २०१८ च्या धोरणात स्त्रियांना तुरुंगात कमी पाठवण्याची भाषा होती. २०२१ मध्ये त्याच सरकारने स्त्रियांच्या तुरुंगांत ५०० नव्या जागा जाहीर केल्या.

मी ज्या केंद्रात अभ्यासासाठी जाते, तिथल्या कार्यकर्तीचा करार दर मार्चमध्ये संपतो. फेब्रुवारीत ती नव्या बाईला नीट भरवसा देऊ शकत नाही. इकडे न्यायाधीशासमोर दोन पर्याय असतात: कायम उघडा असलेला तुरुंग आणि एप्रिलमध्ये असेल की नाही हे ठाऊक नसलेलं केंद्र. शिवाय केंद्रातल्या भेटी चुकल्या, तर बाई पुन्हा कोर्टात उभी राहते आणि तिथून तुरुंगातही जाऊ शकते.

तरीही हा अहवाल वाचावा, असंच मी म्हणेन. फक्त त्यातली करुणा थोडी बाजूला ठेवून त्यातला हिशेब उचलावा. आईला मी एवढंच सांगितलं, "शिक्षा हवीच. पण चोरीची हवी, घर आणि मुलं गमावण्याची नको."

ती जरा थांबली. मग म्हणाली, "आणि तोवर तिची पोरं कुणाकडे असतात?"