चालीतील शब्द

चित्रपटाचा संगीतकार हा क्षणभर कान सुखविणारा कारागीर, असा समज आपल्या समीक्षेत रूढ आहे. कोल्हापुरात १९१९ साली जन्मलेल्या सुधीर फडके यांच्याविषयी तो आम्हांस मान्य नाही. ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) या चित्रपटाचे संगीत त्यांचेच. तथापि त्यांची खरी कसोटी लागली ती १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्यास एक या क्रमाने प्रसारित झालेल्या, ग. दि. माडगूळकरांच्या ‘गीतरामायणा’तील ५६ गीतांत. त्या चालींना आधार रागाचा असला, तरी अधिकार शब्दाचा आहे. तान अर्थावर कुरघोडी करीत नाही. जोडाक्षर सुरात विरत नाही. रौद्र प्रसंगीही त्यांचा स्वर सोज्वळच राहतो, हे उणे आम्ही झाकीत नाही.

त्याच १९५६ च्या नोव्हेंबरात बेळगाव-निपाणीचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. पुढे येथील कचेऱ्यांतून मराठी मागे सरली. जी भाषा दप्तरात उरत नाही, ती कानांत व जिभेवर तरी राखावी लागते. फडके २००२ मध्ये निवर्तले. पण स्वच्छ मराठी उच्चाराचा धडा देऊ पाहणाऱ्या सीमाभागातील शिक्षकास त्यांच्या चालींहून जवळचे पाठ्यपुस्तक आम्हांस दिसत नाही.