नोंदवही हलकी, कारभार जड

प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक किती, नादुरुस्त व्होल्टमीटर कोणता, निर्लेखन कशाचे झाले, हे सारे शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये असते. बदली झालेल्या शिक्षकाला चार्ज देताना याच नोंदींचा आधार असतो. नोंद आहे आणि वस्तू नाही, तर जाब त्यालाच द्यावा लागतो. हे रजिस्टर रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर ठेवावे, ही कल्पना आकर्षक आहे. पण त्यासाठी मिळणारी तयार सॉफ्टवेअर शाळेच्या कामाची आहेत का, हे तपासायला हवे.

प्रथम संगणकाची कुवत पाहू. २०१२ साली आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायची स्मृती २५६ मेगाबाइट होती आणि त्याला सुमारे ३.५ वॅट वीज लागे. आता आपले रजिस्टर मोजू. देवनागरीतील एका चिन्हाला संगणकात साधारण ३ बाइट लागतात. एका वस्तूची नोंद १६० चिन्हांची धरली, तर सुमारे ५०० बाइट झाले. २००० वस्तूंचे १० लाख बाइट, म्हणजे जेमतेम १ मेगाबाइट. मग या संगणकावर अशी सॉफ्टवेअर रेंगाळतात का?

कारण भार नोंदींचा नसतो, त्यांच्याभोवतीच्या व्यवस्थेचा असतो. पार्टकीपर हे मोफत सॉफ्टवेअर इलेक्ट्रॉनिक सुटे भाग सांभाळण्यासाठी लिहिले गेले. त्याला वेब सर्व्हर लागतो, पीएचपी लागते, शिवाय मायएसक्यूएलसारखा स्वतंत्र डेटाबेस सर्व्हर. ही सारी मंडळी स्मृतीत ठाण मांडून बसतात. वस्तू कोणी काढली, किती काढली, याचा इतिहास ते ठेवते, हा त्याचा मोठा गुण. पण त्याचा भर संख्येवर आहे. पाच सूक्ष्मदर्शकांपैकी तिसऱ्याची काच फुटली, हे त्यात नीट मांडता येत नाही. शिवाय कित्येक वर्षांत त्याची नवी आवृत्ती आलेली नाही. आज त्यावर रजिस्टर उभे करणे धोक्याचे आहे.

इन्व्हेनट्री या बाबतीत सरस आहे. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र क्रमांक देता येतो. खोली, खोलीतले कपाट, कपाटातला कप्पा अशी उतरंड मांडता येते. मात्र पडद्याआड सतत चालणारी आणखी एक प्रक्रिया त्याला लागते आणि त्याची उभारणी जाणकाराशिवाय कठीण आहे. तो जाणकार शिक्षक बदलून गेल्यावर काय?

आता वसई तालुक्यातील निर्मळसारख्या गावची शाळा डोळ्यांसमोर आणा. समुद्र जवळ, पावसाळ्यात हवा दमट, वादळात वीज जाणार. लेखन चालू असताना वीज गेली, तर मेमरी कार्डावरील नोंदी बिघडू शकतात. दुसरी अडचण सहसा लक्षात येत नाही. २०२३ च्या पाय ५ पूर्वीच्या मुख्य प्रतिमानांत वेळ राखणारे घड्याळच नाही. इंटरनेट नसेल, तर वीज परतल्यावर संगणक जुनीच वेळ धरून बसतो. सॉफ्टवेअर ती निमूटपणे स्वीकारते आणि नोंदीवर चुकीची तारीख पडते. रजिस्टरमध्ये हा दोष क्षम्य नाही.

दोन्ही अडचणींवर उपाय आहेत. घड्याळाचे छोटे परिपथ वेगळे जोडता येते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८४ वॅट-तास ऊर्जा असते. तिच्यातली निम्मीच वापरली, तरी ५ वॅटचा संगणक आठ तासांच्या आसपास चालेल. रूपांतरातील घट धरली, तरी शाळेची वेळ निभावते.

एका शाळेपुरते काम असेल, तर एसक्यूलाइट हा २००० साली आलेला, सारी माहिती एकाच फाइलमध्ये ठेवणारा डेटाबेस आणि त्यावर साधे वेब पान पुरेसे आहे. त्या फाइलची प्रत पेनड्राइव्हवर क्षणात निघते. दरमहा छापील प्रत काढून तीवर सही घ्यावी. सहामाहीत विद्यार्थ्यांनी यादी घेऊन कपाटे मोजावीत आणि फरक लिहावा. संगणक नोंद जपतो. कपाटातली वस्तू मात्र उघडून पाहावीच लागते.