आप्तांची साक्ष : ‘कन्कशन’ आणि ‘लीग ऑफ डिनायल’

अमेरिकेत ‘फुटबॉल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळात चेंडूला पाय लागण्याचे प्रसंग थोडेच. प्रतिपक्षाच्या अंगावर धावून जाऊन त्यास अडविणे वा लोळविणे हा त्या खेळाचा गाभा होय. या धडकांनी डोक्यास वारंवार बसणाऱ्या हादऱ्यांतून पुढे मेंदूचा जो विकार जडतो, त्यास ‘क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी’, संक्षेपाने सी. टी. ई., म्हणतात. मेंदूत टाऊ नामक प्रथिनाचे विकृत संचय होतात. स्मृती, विवेक व मनःस्थैर्य ही क्रमाने ढळू लागतात. परंतु या विकाराचे निश्चित निदान आजही मृत्यूनंतर, मेंदूचे छेद तपासूनच करता येते.

ही वैद्यकीय मर्यादा कथनकारापुढे एक वाङ्मयीन प्रश्न उभा करते. शास्त्राला जो विकार शवविच्छेदनानंतर दिसतो, तो खेळाडूच्या पत्नीने व मुलांनी वर्षानुवर्षे, नाव न जाणता, भोगलेला असतो. मग या विकाराची कथा कोणाच्या ज्ञानापासून आरंभावी? पीटर लँड्समन यांचा ‘कन्कशन’ (2015) हा चित्रपट आणि मार्क फैनारू-वाडा व स्टीव्ह फैनारू या पत्रकारबंधूंचा ‘लीग ऑफ डिनायल’ (2013) हा ग्रंथ यांचा विचार प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या अनुरोधाने केला आहे. त्याच नावाचा अनुबोधपटही 2013 मध्येच अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आला.

दोन्ही कृतींच्या मुळाशी माइक वेबस्टर हा खेळाडू आहे. पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचा हा ‘सेंटर’ 1974 ते 1990 अशी सतरा वर्षे व्यावसायिक फुटबॉल खेळला. निवृत्तीनंतर त्याचा संसार मोडला, पैसा गेला, कित्येक रात्री त्याने मोटारीत काढल्या. 2002 मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, तो मरण पावला. मूळचे नायजेरियाचे डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचे शवविच्छेदन केले व 2005 मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. नॅशनल फुटबॉल लीगच्या वैद्यकीय समितीतील सदस्यांनी तो निबंध मागे घेण्याची मागणी केली. लीगच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने खेळ व हा विकार यांतील संबंध जाहीरपणे मान्य केला, तो 2016 मध्ये.

‘कन्कशन’ची रचना शोधकथेची आहे. एकाकी, परदेशी, सत्यनिष्ठ वैद्य आणि त्याच्यासमोर बलाढ्य संस्था, असा हा संघर्ष आहे. विल स्मिथ यांनी ओमालूंची भूमिका संयमाने केली आहे, यात संशय नाही. परंतु या रचनेत ज्ञानाचा आरंभ शवविच्छेदनाच्या टेबलापाशी होतो; त्यापूर्वीचे सर्व काही केवळ लक्षण ठरते. वेबस्टरची दैना आपण पाहतो ती एका कोड्याची प्रस्तावना म्हणून. कौटुंबिक करुणाचा मुख्य भार दिग्दर्शकाने टाकला आहे तो ओमालू व प्रेमा यांच्या संसारावर; म्हणजे विकार शोधणाऱ्याच्या घरावर, विकार भोगणाऱ्याच्या नव्हे. डेव्ह ड्यूअर्सन या खेळाडूचे चित्रणही येथे तपासण्याजोगे आहे. ड्यूअर्सनने 2011 मध्ये आपला मेंदू संशोधनास द्यावा असे सांगून ठेवून छातीत गोळी झाडून घेतली. चित्रपटाने त्यास जवळजवळ खलपुरुष केले आहे आणि त्याच्या मुलाने या चित्रणास जाहीर हरकत घेतली. शोधकथेला प्रतिनायक लागतो. पण रुग्णालाच प्रतिनायक करताना ती कथा आपल्याच विषयाशी द्रोह करते.

‘लीग ऑफ डिनायल’ची दृष्टी अधिक व्यापक आहे. लेखकांचे लक्ष्य लीगचा नकार हे असले, तरी त्या नकाराचे मोजमाप ते घराच्या अनुभवावरून करतात. अनुबोधपटात वेबस्टरची पूर्वपत्नी पॅम सांगते की, त्याने आपलीच खेळातील छायाचित्रे चाकूने फाडून टाकली होती. या एका तपशिलात जे आहे ते कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे नाही. ज्या कीर्तीवर घर उभे राहिले तिचाच घरात झालेला हा विध्वंस आहे, आणि तो पाहणारीला त्या वेळी तो रोग आहे हे ठाऊक नव्हते. रोगाला नाव नसले की तो स्वभावदोष ठरतो, आणि स्वभावदोषाचा जाब जोडीदारालाच विचारावा लागतो.

आपल्या भाषेत ‘आप्त’ या शब्दाचा अर्थ नातलग. न्यायदर्शनात मात्र ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे व जो ती यथार्थ सांगू इच्छितो तो ‘आप्त’, आणि त्याचे वचन हे प्रमाण. सी. टी. ई.च्या संशोधनात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. 2017 मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात बोस्टनच्या ॲन मकी प्रभृतींनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या लीगमधील 111 खेळाडूंपैकी 110 जणांच्या मेंदूत हा विकार आढळला. त्यांतील हयातीतील लक्षणांचा वृत्तांत मिळविण्यासाठी संशोधकांना मृतांच्या निकटवर्तीयांनाच विचारावे लागले.

यावर आक्षेप येईल की, शोकाकुल माणसाची स्मृती निर्लेप नसते. शिवाय ज्या घरांना शंका आली तीच मेंदू दान करतात, म्हणून 111 पैकी 110 हे प्रमाण सर्व खेळाडूंना लावता येत नाही. हा आक्षेप रास्त आहे व संशोधकांनीही ही मर्यादा मान्य केली आहे. परंतु त्यामुळे आप्तवचन त्याज्य ठरत नाही. ते परीक्षणास पात्र ठरते. विकार केव्हा सुरू झाला हे मेंदूचा छेद सहसा सांगू शकत नाही. वेबस्टरचे अपंगत्व निवृत्तीच्या वेळीच पूर्ण झाले होते की नंतर, हा वाद त्याच्या मृत्यूनंतरही चालला आणि 2006 मध्ये अपील न्यायालयात त्याच्या वारसपक्षाच्या बाजूने निकाली निघाला.

हा केवळ ज्ञानमीमांसेचा प्रश्न नाही. जॉन मॅकी या खेळाडूस स्मृतिभ्रंश झाल्यावर त्याची पत्नी सिल्व्हिया विम्याच्या सोयीसाठी विमानसेविकेच्या नोकरीवर रुजू झाली. 2006 मध्ये तिने लीगच्या आयुक्तांस पत्र लिहिले, आणि त्यातून मॅकीच्या अंगरख्यावरील आकड्याच्या नावाची ‘88 योजना’ उभी राहिली. संस्थेला जाग आली ती एका गृहिणीच्या पत्राने. तोवर शास्त्राचा वाद मिटलेलाही नव्हता. उलट, माजी खेळाडूंच्या दाव्यांत 2015 मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीत पत्नी-मुलांच्या स्वतंत्र हानीसाठी खेळाडूच्या भरपाईतील केवळ एक टक्का राखून ठेवण्यात आला. ‘कन्कशन’मध्ये घराला जेवढी जागा मिळते तिचे या एक टक्क्याशी असलेले साम्य योगायोगाचे मानता येत नाही. घराचे ज्ञान गौण मानले की घराची हानीही गौण ठरते.

‘लीग ऑफ डिनायल’ने ही साक्ष नोंदविली, तिला कथेचे केंद्र मात्र केले नाही. ज्यात वैद्य शेवटच्या प्रकरणात प्रवेश करील आणि तोवरची सर्व प्रकरणे घराची असतील, अशी कृती या विषयाला अद्याप हवी आहे.